तांबटाचा आवाज

"बाई, आवाज कुठूनही उचलू नका. खुल्या परवान्याचाच घ्या," शाळेत नव्याने आलेल्या चौगुले सरांनी बजावलं. उद्या चौथीला 'आपले पक्षी' शिकवायचे होते. वसुमतीबाईंनी 'तांबट' टाइप केलं आणि सापडलेलं पहिलंच ध्वनिमुद्रण लावलं.

टुक, टुक, टुक. कुणीतरी हंडा ठोकत बसावं तसा तांबट ओरडत राहिला. मग एक बाई कडाडली, "अहो, चहा गार होतोय! त्याला नसेल संसार, तुम्हाला आहे!" तांबट दचकून गप्प झाला. पाठोपाठ एक दमलेला पुरुषी आवाज आला, "घातलीस माती! हेही गेलं वाया."

वसुमतीबाईंचा हात माउसवरच राहिला. कडाडणारी बाई त्या स्वतःच होत्या. पक्ष्यांचे आवाज टिपत हिंडणाऱ्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात त्यांचे फोटो बारा होते, आवाज एकही नव्हता. तू बिघडवलेली सगळी ध्वनिमुद्रणं पुसून टाकली, असं ते शपथेवर सांगत.

"शेवटचं भांडण कापून देऊ का, बाई?" चौगुले सरांनी विचारलं.

बाईंनी पडद्यावरच्या अटींवर बोट ठेवलं. शिकवण्यासाठी कोणीही मोफत वापरावे. माझे नाव द्यावे. काटछाट अजिबात करू नये.

"मालकांची परवानगी नाही हो, सर."

दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग खो खो हसला. "बाई, परत लावा ना!" बाईंनी परत लावलं. "हेही गेलं वाया," आवाज म्हणाला.

"नाही हो गेलं," बाई हळूच म्हणाल्या.

मुलांना वाटलं, बाई तांबटाशी बोलताहेत.