मधली तुळई

दारव्ह्याच्या त्या जुन्या सागवानी घरात उंदीर नवी वायर फक्त मधल्या तुळईत कुरतडत. दोनदा दिवे गेले. तिसऱ्यांदा गेले तर घर पाडून स्लॅबचे बांधू, असे पायलच्या सासऱ्यांनी बजावले होते. “या घराले वीज सोसतच नाही पोरी,” सासू मथुराबाईंनी निकाल दिला. विज्ञान शिकवणाऱ्या पायलला मात्र भर उन्हाळ्यात गार राहणारे हेच घर हवे होते. वायरमन बबलूने ओढून काढलेला कुरतडलेला तुकडा तिने हुंगला. “बबलूभाऊ, याले काय चोपडलं?” “वहिनी, ही तुळई भल्ली जाड. भोकात वायर अडकून राह्यलती, म्हणून फल्लीचं तेल लावलं. या मथुरामावशीनंच वाटीभर देल्लं.” “मंग? या लेकराचे हात वायर ओढून सोलून निघालते!” मथुराबाई उसळल्या. पायलने हसत तोंडाला लावायची पावडर पुढे केली. वायर पावडरीनेही सरकते. पुन्हा दिवे गेले नाहीत; घर वाचले. उंदीर शेंगदाण्याच्या तेलासाठी वायर कुरतडत होते.