ताटली पडल्यानंतर

ते दोन हजार अकरा साल. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि पलंगावर पडून त्या दिवसभर गाणी ऐकत. धाकट्या दिराने घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवल्या होत्या. पण एक गाणं कानठळ्या बसवी, तर दुसरं कानात प्राण आणून ऐकावं लागे. बटण फिरवायला सून, म्हणजे त्याची वहिनी, स्वयंपाकघरातून पळत येई. दोनदा दूध उतू गेलं.

"वहिनी, तुमची धावपळ संपली," दीर म्हणाला. "सगळ्यांचे आवाज सारखे केलेत. एकच गाणं ऐकत नाही. तुमचं."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी, नवा टेपरेकॉर्डर कसा चालतो ते बघायला, त्याने तिला स्वयंपाकघरात गायला लावलं होतं. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, म्हणून ती पुटपुटल्यासारखी गायली. तेवढ्यात हातून ताटली पडली. आईंची झोप मोडली, या धास्तीने तिचा गळा मिटला तो मिटलाच. त्यानंतर या घरात ती गायली नाही.

"त्या खणखणाटामुळे संगणकाला वाटतं, गाणं मोठंच आहे. म्हणून तो आवाज वाढवत नाही."

"शहाणा आहे तो. पुसून टाका भावजी. आईंच्या कानावर गेलं, तर या वयात माझी शोभा व्हायची."

"आधी ताटली तर दाबू. मग पुसायचं की ठेवायचं ते तुम्ही सांगा."

त्याने खणखणाट खाली ओढला, बाकीचं वर चढवलं आणि गाणं लावलं. वहिनी दार लोटायला धावली, तोवर तिचा कोवळा आवाज दोन्ही खोल्यांत भरला होता. मग ताटली पडली, गोणपाटावर पडावी तशी. गाणं थांबलं. आजवर सगळे इथेच टेप बंद करत. आज ती चालू राहिली, आणि त्या जुन्या टेपमध्येच भिंतीपलीकडून कुणीतरी पुसटसं म्हणालं, "पडू दे गं. पुढचं म्हण."

वहिनी दारातच उभी राहिली.

"आई, तुम्ही जाग्या होतात?"

"भिंतीपलीकडे असं कुणी गात असताना झोपायला मी काय दगड आहे?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तू गप्पच झालीस. मला वाटलं, हिला माझ्यासाठी गायचं नाही. मग मीही कशाला विनवण्या करू?"

"पुसू का, वहिनी?" दिराने विचारलं.

"हात तर लावून बघा," वहिनी म्हणाली.

सासूबाई पुढे काठी घेऊन चालू लागल्या आणि आणखी सात वर्षं सुनेच्या गाण्यात चुका काढत सुखाने जगल्या. दीर आता लोकांच्या कॅसेट उतरवून देतो. गाणं संपल्यावरची रिकामी टेप मात्र कुणी सांगितलं तरी कापत नाही. वहिनी भर दुपारी मोकळ्या गळ्याने गाते. शेजारीण धाडकन खिडकी लावून घेते. वहिनी पुढचं कडवं सुरू करते.