नटाखालचे बुडबुडे

मांडवीच्या धक्क्यावर दोन तास झाले, माझा अडुसष्ट सालचा डिझेल टेंपो काही सुरू होत नव्हता. मागे आवडाबाईचे बांगडे होते. बर्फाचं पाणी होऊन ते खाली ठिबकत होतं आणि तिला सावर्ड्याचा बाजार गाठायचा होता.

"बाजार उठल्यावर पोचवतोस काय रे, गुणाजी?" दर पाच मिनिटांनी तिचं तेच.

डिझेलच्या पाइपात हवा धरली होती, एवढं मला कळलं होतं. शेवटी वैतागून पाइप काढला, तोंडाला लावला आणि डिझेल ओढलं. सगळे ड्रायव्हर ओढतात तसंच. थुंकलो, पाइप परत जोडला, फिल्टरवरचा नट सैल केला आणि हातपंप मारायला लागलो. बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा, बस्स.

बुडबुडे संपेनात. चिडून मी पंप सोडून दिला, तरी ते येतच राहिले.

मी धापा टाकत बघत होतो. धापा कमी झाल्या, तसे बुडबुडेही सावकाश येऊ लागले.

मी श्वास रोखला. बुडबुडे थांबले.

सोडला. नटाखालून फेस आला.

पुन्हा रोखला. डिझेल एकदम स्वच्छ, स्थिर.

"आलं की रे डिझेल! बघत काय बसलायस?" आवडाबाईने माझ्या हातातला पाना हिसकावला. वीस वर्षं असल्या टेंपोंतून मासळी नेऊन तिला सगळं ठाऊक. एका झटक्यात तिने नट आवळला.

नको म्हणायला मी तोंड उघडलं. ना हवा आत आली, ना बाहेर गेली.

"आता आ वासून काय बघतोस, मेल्या? मार की सेल्फ!"