रजेवरचा माणूस

"हॅलो, आयटी हेल्पडेस्क," पलीकडून एक मुलगी म्हणाली, आणि बहुरूप्याने आपला आवाज घोगरा केला.

धंद्यातली माणसं त्याला बहुरूपी म्हणत. कुलूप फोडणारे वेगळे. हा नुसता दार वाजवायचा आणि आतल्याच माणसाकडून ते उघडून घ्यायचा. कधी साहेब व्हायचा, कधी कुरिअरवाला, कधी दुरुस्तीचा माणूस. आजचं सोंग तर डाव्या हाताचा मळ होतं. कंपनीतल्या बऱ्याच जणांना त्याने काहीबाही मेल टाकून पाहिली होती, आणि एकाकडून आपोआप उत्तर आलं होतं: 'रजेवर आहे. कधी येईन ते सांगता येत नाही.' असा माणूस म्हणजे आयतं घबाड. तो खुर्चीत नसतो, तेव्हा त्याच्या खुर्चीत खुशाल बसावं. रजा कशाची, हे विचारायची या धंद्यात पद्धत नाही.

त्याने रजेवरच्या माणसाचं नाव सांगितलं. "पासवर्ड विसरलोय हो. सर्दीने डोकं पार जाम झालंय."

पलीकडे एकदम सामसूम. ओळखलं की काय हिने? पाठ केलेली जन्मतारीख, साहेबांचं नाव, कर्मचारी क्रमांक, सगळं त्याने जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

"दादा?" मुलीचा आवाज फुटला. "अहो दादा, तुम्ही? खरंच तुम्ही?"

"मीच की."

"अगं बाई गं!" ती रडायलाच लागली. "बरे आहात ना? कुठे आहात? नाही, नका सांगू. नुसते बोलत राहा. पासवर्ड ना? देते, आत्ता देते."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! एकही प्रश्न न विचारता तिने नवा पासवर्ड दिला, एकेक अक्षर फोडून. त्याने तो टाकला आणि मेलबॉक्स उघडला. सगळ्यात वर न वाचलेली मेल होती: 'कुठे आहेस?' तिच्याखाली, 'फोन कर.' तिच्याखाली, 'काही नको, नुसतं जिवंत आहेस एवढं कळव.' रजा कसली आलीय! माणूस घरदार सोडून निघून गेला होता.

काम झालं होतं. आत शिरलं की फोन ठेवायचा, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याने ठेवला नाही. आपला आवाज ऐकून कुणी आनंदाने रडलंय, असं त्याच्या जन्मात घडलं नव्हतं. दिवसभर पडदे ओढून तो लोकांना फोन करी, त्याला फोन करणारं मात्र कुणी नव्हतं. आणखी दोन शब्द ऐकावेत, अशी त्याला हाव सुटली.

"ठेवू नका हं, दादा. वहिनींना जोडते. त्यांनी आम्हा सगळ्यांना तसं सांगूनच ठेवलंय."

"नको, थांब जरा..." पण तिकडे रिंग वाजायलाही लागली होती आणि पहिल्याच रिंगला फोन उचललाही गेला.

"अहो?"

तो गप्प बसला.

"बोलू नका हवं तर. मी ओरडणार नाही. नोकरीचं बघू काय ते, त्यात काय एवढं? तुम्ही किल्ली नेली नाहीत ना, म्हणून मी रात्री कडी लावत नाही. दार नुसतं लोटून ठेवते. बेलसुद्धा वाजवू नका, ढकला आणि आत या. कुणी काही विचारणार नाही तुम्हाला."

फोन ठेवला असता तर तो सुटला असता. पण मग ही बाई आज रात्री दाराशी जागत बसली असती, उद्याही बसली असती. नवरा आपल्याशी चकार शब्द न बोलता फोन ठेवून गेला, हे जन्मभर उराशी धरून राहिली असती.

"बाई," तो आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला. तो आवाज त्यालाच अनोळखी वाटला, इतका तो वापरात नव्हता. "मी तो नाही. मी त्यांना ओळखतसुद्धा नाही. चोर आहे मी. पासवर्ड काढायला फोन केला होता."

"अरे देवा," हेल्पडेस्कवरची मुलगी पुटपुटली. कळफलक खडखडला आणि बहुरूप्यासमोरचा मेलबॉक्स मिटून गेला.

"मेल्या," बायको म्हणाली, "जीभ कशी झडली नाही तुझी? सगळ्या जगात तुला आमचंच घर सापडलं?"

"चुकलो," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

फोन मात्र तिनेही ठेवला नाही.

"मला एक सांगा," ती शेवटी म्हणाली, आणि आता तिचा आवाज उतरला होता. "तुमच्या घरी ठाऊक आहे का, तुम्ही कुठे आहात ते?"

"घरी म्हणजे..."

तिच्या मागून एका म्हातारीचा आवाज आला. "कोण गं, सूनबाई? माझ्या लेकाचा का फोन?"

"नाही, आई," ती म्हणाली. "दुसरंच कुणीतरी हरवलंय."