पाऊण तासाचा फुगवटा

पडद्यावरची रेघ फुगली ती नेमकी लेकीच्या गावावर. निरीक्षकाने चष्मा पुसला. रेघ तशीच. सूर्यावरच्या वादळांनीही ती फुगते, पण सूर्य आज शांत होता, म्हणजे खापर फोडायला सूर्यही हाताशी नव्हता.

बावीस वर्षं तो आयनांबरात, म्हणजे जमिनीपासून तीनशे किलोमीटर उंचावरच्या विद्युतभारित हवेत, डोकं खुपसून बसला होता. मोठ्या भूकंपाआधी पाऊण तास त्या हवेत फुगवटा येतो, असं त्याचं मत होतं. असं मत असलेली माणसं संस्थेत मोजून एक. फुगवटा कधीकधी उगाचही येतो, हे तोही मान्य करी. पण हळू आवाजात.

तो संचालकांकडे धावला. त्यांनी आलेख कौतुकाने न्याहाळला.

"सुंदर! भूकंप झाला की लगेच निबंध लिहायला घ्या."

"साहेब, व्हायच्या आधी काही..."

"आधी याला गोंगाट म्हणायचं. मागच्या दोन खेपेला तुम्ही तोंड उघडलंत, लोक गाद्या घेऊन रस्त्यावर आले आणि मंत्र्यांपुढे कान मला धरावे लागले. विसरलात?"

विसरला नव्हता. त्या दोन्ही खेपेला लेकीचं सासरही गाद्यांसकट बाहेर बसलं होतं. धरणी ढिम्म हलली नाही. तेव्हापासून विहीणबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सुनेचे वडील आभाळात बघून जमिनीचं भविष्य सांगतात. हात बघून पायाचं सांगायचे तेवढे राहिलेत."

जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. त्याच्या हिशेबाने अठ्ठावीस मिनिटं उरली होती.

"बाबा, परत?"

"एवढं एकदाच. सगळ्यांना घेऊन मैदानात जा. पोरीला आधी उचल."

"अहो, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय. चार मजले कशा उतरतील त्या?"

"पाया पडतो तुझ्या."

बाप पाया पडायची भाषा करू लागला की लेकीला हो म्हणावंच लागतं. "बरं," ती म्हणाली.

पंधरा मिनिटांनी तिचाच फोन आला. "आलो हो बाबा, सगळे मैदानात. आईंना खुर्ची दिलीय. छान ऊन पडलंय, पोरगी खेळतेय. आता तुम्ही दोन घास खा आणि ती रक्तदाबाची गोळी घ्या."

त्याने फोन खिशात टाकला. जग ऐकत नसेल तर गेलं उडत. लेकीने ऐकलं होतं. जागेवर येऊन त्याने डबा उघडला आणि खाताखाता पडद्याच्या तळाशी नजर टाकली. लेकीच्या गावाला लागून असलेल्या टेकडीवर हा फुगवटा टिपणारी संस्थेची अँटेना होती. तिच्या शेजारी एक पर्जन्यमापक. त्याचा आकडा कोणी कधी बघत नसे. आज तो चढत होता. गेल्या तासाभरात एकतीस मिलिमीटर. छान ऊन पडलेल्या गावात.

घास तोंडातच राहिला. लेकीवर संशय घेण्यापेक्षा यंत्रावर घेणं सोपं होतं. यंत्रं काय, बिघडतातच. कावळे काड्या टाकतात, नळी तुंबते, तार कुजते. त्याने टेकडीवरच्या चौकीदाराला फोन लावला. नऊ मिनिटं उरली होती.

"अरे, तिथलं पर्जन्यमापक बिघडलंय. बिघडलंय ना? नुसतं हो म्हण."

"बिघडलंय?" पलीकडून चौकीदार बेंबीच्या देठापासून ओरडला, त्याशिवाय ऐकूच आलं नसतं. "साहेब, सकाळपासून धो धो कोसळतोय, खालचं गाव दिसेना! यंत्रं दोन्ही ठणठणीत आहेत."