शंभर किलोंची अट

मिरचीच्या गोदामातल्या वजनकाट्याला फाल्गुनीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नियम लावून दिला : काट्यावर भार आला, की वजनाचा मेसेज आपोआप तिच्या मोबाइलवर.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, पहिली गाडी लागायच्या आत, मेसेज येऊ लागला. सत्तर किलो.

"ताई, काटावर कोनीच नई शे," काटेवाला तौहिद म्हणाला.

पोळ्याला वारलेले हस्तीमल शेठ धंदा सुरू करण्याआधी रोज स्वतः काट्यावर उभे राहून तो तपासत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फाल्गुनीने अट घातली : शंभर किलोंच्या आत मेसेज नको. पहिल्या गाडीपर्यंत मोबाइल गप्प राहू लागला.

आज सकाळी गाडी लागायच्या आतच तो वाजला. एकशे वीस किलो.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. आज लवकर आलेला किडकिडीत तौहिद काट्यावर एकटाच झाडू मारत होता.