न लिहिलेलं कार्ड

तिसऱ्यांदाही मशीन जागचं हललं नाही. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली : नेटवर्क कार्ड जुळत नाही.

सुरभीने कपाळ पुसलं. रसायनीतल्या त्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये एरवी स्वेटर लागायचा. आज जुन्या सर्व्हरचे दोन पंखे बंद पडले होते आणि तो तापत चालला होता. त्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला दुसरा संगणक, चालत होतं. रिअॅक्टरचं तापमान तेच सांभाळायचं. रिअॅक्टरमध्ये रसायनाची नऊ तासांची बॅच शिजत होती. सहा तास झाले होते. मशीन चालू असतानाच उचलून नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. फार तर अर्धा तास हातात होता. त्याआधी सर्व्हरने मान टाकली, तर सगळी बॅच ओतून द्यावी लागणार होती.

"जुन्या मशीनच्या फाइलमध्ये कार्डापुढे काहीच लिहिलेलं नाही," ती शेजारी उभ्या असलेल्या तिच्या साहेबांना म्हणाली. "मग जुळायचं राहिलंय काय?"

रिअॅक्टरच्या पॅनलवरचे धोंडीकाका दारात येऊन उभे होते. जवळच्याच लोधिवली गावचे, तिच्या बापाला ओळखणारे.

"झालं का गं पोरी?"

"नाही, काका. मशीनला कुठलं कार्ड आहे तेच लिहिलेलं नाही."

"लिवलेलं नाय म्हंजी नाय, असं थोडंच हाय?" काका म्हणाले. "आमचा नि पाटलांचा बांध कुटल्या कागदावर हाय? पन एक हात सरकवून बघ त्यांचा!"

सुरभी खुर्चीत ताठ झाली. "सर! जुन्यालाही कार्ड आहे. त्या वेळी न सांगता जे मिळायचं, ते. आणि मी गेल्या आठवड्यात नव्या सर्व्हरवर ते न सांगता मिळणारंच बदललं. जुनं मशीन तिथे गेलं, की त्याच्यापुढे नवं कार्ड येतंय."

"म्हणजे तुझी ओळ. काढून टाक."

"काढता येणार नाही. लॅबची दोन मशिनं नवं कार्ड घेऊनच जन्मलीत. दोन वाजता ती पुन्हा सुरू होतात. तेव्हा ती अडकतील."

"दोनला वीस मिनिटं आहेत, सुरभी."

"ओळ राहू दे, सर. तिच्याखाली एक लिहिते." तिची बोटं चालूही झाली होती. प्रत्येक मशीनवर त्याच्या जन्माचं व्हर्जन कोरलेलं असतं. नवं कार्ड ज्या व्हर्जनला आलं, त्याच्या आधी जन्मलेल्यांना जुनंच कार्ड; नंतरच्यांना नवं. एवढीच ओळ. लिहिताना तिला एकदम हसू आलं, इतकी ती लहान होती.

आधी तिने जुन्या व्हर्जनचं एक रिकामं मशीन बनवून पाठवलं. ते गेलं. मग परत आणलं. तेही आलं.

"आता खरं," ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिला आवरेना.

जुन्या सर्व्हरवर आकडे धावू लागले. चाळीस टक्के. सत्तर. सर ओठ चावत उभे होते. काकांनी हातातला रेडिओ कानाला लावला आणि पॅनलवरच्या माणसाला दटावलं, "आकडा बघत ऱ्हा रं. डोळं हलवू नको."

नव्वद. नव्व्याण्णव. पडद्यावरची ओळ हिरवी झाली.

"काय दिसतंय रं?" काकांनी विचारलं.

"ब्याऐंशी पॉइंट चार," रेडिओतून आवाज आला. "आता पॉइंट पाच. का? काय झालं?"

सुरभीने जुना सर्व्हर बंद केला. उरलेले पंखे घरघरत थांबले. तिने नव्या सर्व्हरवर त्या मशीनला एकच प्रश्न विचारला : किती दिवस चालू आहेस?

उत्तर आलं : दोन हजार एकशे चौदा दिवस.

"म्हंजी?" काका वाकून बघू लागले.

"म्हणजे आपण उचलून आणलं, ते त्याला कळलंच नाही, काका! अजून जुन्याच जागी आहे असं वाटतंय त्याला!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला.

"मंग कुनी सांगू नका त्याला."

आणि तिघंही चवड्यांवर बाहेर पडले.